वॉल्टरचं कडवं

वसंतकाका आमच्या घरी आले की आधी फ्रिजचा प्लग काढतात, मग चपला. फ्रिजची घरघर त्यांना बेसूर वाटते. "आधी शांतता, मग चहा," हे वर ऐकवतात.

पुण्यात वर्षानुवर्षं ऑर्केस्ट्रात मँडोलिन वाजवलेला हा माणूस मुलाकडे अमेरिकेत मॉरिसव्हिलला राहायला आला आणि बँजो या इथल्या तंतुवाद्याच्या नादी लागला. शेजारचा म्हातारा वॉल्टर फिडल, म्हणजे इथलं व्हायोलिन, वाजवायचा. त्याने काकांना इथल्या डोंगरांतल्या जुन्या चाली शिकवल्या, रेकॉर्ड निघायच्याही आधीच्या, पोर्चवर बसून वाजवायच्या. गेल्या हिवाळ्यात वॉल्टर वारला आणि काकांनी त्या चालींचा अल्बम करायला घेतला.

एकच चाल उरली होती आणि सोमवारी काकांच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन होतं. बोटं पूर्वीसारखी चालतील, असं डॉक्टर छातीठोक सांगत नव्हते. म्हणून शनिवारी दुपारी आमच्या बेसमेंटमध्ये रेकॉर्डिंग ठरलं. मी वेळापत्रक केलं, एसी बंद केला, काकांच्या हुकमावरून बांगड्या उतरवल्या. वर फ्रीझरमधले मोदक मऊ पडत होते, तिकडे दुर्लक्ष केलं. माझी मुलगी तनया लॅपटॉप घेऊन बसली.

काकांनी सुरेख सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबले. पुन्हा केली, पुन्हा तिथेच थांबले.

"काका, यू स्टॉप्ड अगेन," तनया म्हणाली.

"कळतं गं. कान आहेत मला."

मनगट सुजायला लागलं होतं. "बर्फ आणू?" मी विचारलं.

"फ्रिज बंद आहे तुझा. कुठून आणणार?"

"मग पुढचं वाजवून टाका ना. येतंय तुम्हाला."

"पुढचं कडवं मी कधी वाजवलंच नाही," काका म्हणाले. "ते वॉल्टर वाजवायचा. मी नुसता पायाने ताल धरायचो."

"दुसरं कोणी फिडलवालं बघू?"

"नको."

मी वेळापत्रक बाजूला ठेवलं. असं मी सहसा करत नाही.

काकांनी मनगट चोळलं. "तनया, लाव. मी सांगेपर्यंत थांबवायचं नाही."

त्याच जागी हात थांबले, पण पाय थांबला नाही. लाकडी फरशीवर ठक, ठक. मान जराशी कललेली. कडवंभर तेवढंच. मग नेमक्या ठोक्यावर बँजोने पुढची ओळ उचलली आणि चाल शेवटाला गेली.

"काका, शुड आय कट द गॅप?" तनयाने हळूच विचारलं.

"हात लावू नकोस," काका म्हणाले. "नेहमी घाई करायचा. आज बरोबर लयीत वाजवलं त्याने."