शाप द्यायला माणूस हवा

आमच्या नवागामातले भिकनतात्या "चहा घ्या" हेसुद्धा भांडल्यासारखं ओरडून म्हणतात. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. त्या धडधडाटात कान गेले आणि आवाज वाढला. चहा पातळ झाला, बस चुकली, कुणाचं लग्न मोडलं, तरी तात्यांचं मत एकच: "सीन बसना नही!" सिनेमाचं वेड, दुसरं काय! कामरेजचं नाव काढलं, की मात्र त्यांना अजिबात ऐकू येत नाही. माझी मैत्रीण रेखा, तात्यांची एकुलती एक पोर, तिथे राहते.

यंदा तात्यांनी मोबाइलवर स्वतःच सिनेमा काढला, भुताचा. हजार वर्षांपूर्वी एक सरदार आपल्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या पोरीला उंबऱ्यावर शाप देतो, तिचा आत्मा भटकतो, शेवटी सरदार उःशाप देतो. आत्मा मी. शिवणकाम करणारी, चष्मेवाली, चाळिशीची राजकन्या! पांढरी साडी माझ्याकडे होती, एवढंच कारण. महाल म्हणजे सुट्टीचा कारखाना. कारखान्याच्या शेठने तो पाच वाजेपर्यंतच दिला होता, पाचला रात्रपाळी सुरू होणार होती.

आत गेले आणि अंगावर काटा आला. एवढे माग आणि एकही हलत नाही. आमच्या वस्तीत माग थांबले की काहीतरी वाईट घडलेलं असतं.

खरी पंचाईत झाली सरदाराची. शाप द्यायला कुणी तयार होईना. वाक्य साधंच: "या दारात पाय ठेवशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील." आमचा मुकादम दाढी लावून उंबऱ्यापर्यंत आला आणि मागे फिरला. "नही रे भो! मना घरमा पोरंसोरं शेतस. वास्तू तथास्तु म्हणी टाकस." दुसऱ्याची सून गरोदर. तिसऱ्याने घासाघीस केली, "शाप जरा कमी करा ना. पोरीला नुसता ताप आला तर चालेल?"

पाच वाजायला वीस मिनिटं. मोबाइल मागाच्या दांड्याला सुतळीने बांधलेला. शेवटी तात्यांनी दाढी स्वतःलाच चिकटवली, आणि मी दोन पावलं मागे सरकले.

कारण ते वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, आमच्या सामाईक भिंतीपलीकडून, याच आवाजात. रेखा मनासारखं लग्न करून, पिशवी घेऊन दारात उभी होती. ती पुन्हा आली नाही. "मी त्या दारात गेले आणि तात्यांना खरंच काही झालं तर?" असं ती एकदा माझ्यापाशी रडली होती. तेव्हापासून माझा तात्यांवर राग होता.

तात्या उंबऱ्यावर उभे राहिले, मी समोर. त्यांनी तोंड उघडलं. दाढी एका बाजूने सुटली. बाहेर पाळीचे कारागीर जमायला लागले. नका बोलू, नका बोलू, असं मी मनात घोकत होते.

मग तात्या बोलले, इतकं हळू की मला पुढे सरकावं लागलं. "मना शब्द मी मागे लेस, पोरी. दार उघडं शे. घर ये."

"तात्या, आधी शाप!" मुकादम ओरडला.

"तो एकदाव देवाई गया, तितला बस," तात्या म्हणाले आणि दाढी काढून खिशात घातली. पाच वाजले. माग सुरू झाले. मी रडतेय हे कुणाला ऐकू गेलं नाही, हे बरंच झालं.

तर आमच्या सिनेमात शाप नाहीच, नुसता उःशाप आहे. पाहणाऱ्यांना काडीचं कळत नाही. मी तो त्याच संध्याकाळी रेखाला पाठवला.

तिचा निरोप अजून आलेला नाही. पण तात्यांचं दार हल्ली दिवसभर सताड उघडं असतं. डास येतात, कुत्री शिरतात, परवा तर कुणाची बकरी पीठ खाऊन गेली. मी दार लोटायला गेले, तर तात्या आतून कडाडले, "ऱ्हाऊ दे! सीन बाकी शे!"