संध्याबेनची बॅच

संध्याबेन माणसांशी मराठी, हिंदी, गुजराती, काहीही बोलायच्या. कॉम्प्युटरशी मात्र फक्त अहिराणी. मशीन अडकलं की त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, "काय जायं रे तुले? ऊठ ना भाऊ, पोरी वाट दखी ऱ्हायन्यात." आणि ते उठायचं. माझ्यासाठी कधी उठलं नाही.

नव्वदच्या दशकात गुजरातेतल्या उधन्याच्या एका छोट्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघं शिकवायचो. मी अकाउंट्स, त्या प्रोग्रॅमिंग. त्या जळगावकडच्या, शिकलेल्या इंजिनियर. पहिल्या दिवशी मालकांनी त्यांना रिसेप्शनची खुर्ची दाखवली. त्यांनी ती उचलली, लॅबमध्ये नेली आणि तिच्यावर बसून शिकवायला लागल्या.

एका मशीनवर तिघं-चौघं बसत. कीबोर्ड नेहमी मुलाच्या हातात, मुली वहीतून वाचून दाखवायच्या. संध्याबेननी मुलांना मागच्या रांगेत बसवलं. "आता तुम्ही वाचा." मुलींना म्हणाल्या, "हात लावा. चावत नाही."

मुलांनी मालकांकडे तक्रार केली. मालक आले. "बेन, छोकरा फी भरे छे."

"ने छोकरीओ मफत आवे छे?"

मालक गेले. पुन्हा त्या लॅबकडे फिरकले नाहीत.

बॅचमध्ये गोडादऱ्याची रेखा होती, गणितात भलती तेज. ती अचानक यायची बंद झाली. संध्याबेन मोपेड घेऊन थेट तिच्या घरी. वडील लूमवर कामाला. म्हणाले, "म्याडम, शिकाले ना नाही. पण पोर अंधाराची एकटी येते."

"एकटी येणार नाही. मी नेते, मी सोडते."

आणि खरंच न्यायला लागल्या. पुलाच्या चढावर मोपेड दम टाकायची. मग रेखा उतरून ढकलायची आणि बेन वरून तिला प्रोग्रॅममधला लूप समजावायच्या. पुढे शेजारची ज्योतीही मागे बसायला लागली. एकदा पोलिसाने तिघींना अडवलं. मुलींनी इंजिनियर का व्हावं, हे बेननी त्याला इतकं मन लावून सांगितलं की पावती फाडायचं सोडून त्याने क्लासचा पत्ता विचारला. त्याची मुलगी पुढच्या बॅचला आली.

बेन स्वतःच्या घराबद्दल बोलत नसत. दिवाळीतही क्लास उघडून बसायच्या. एकदाच, चहा घेता घेता, साधं काही सांगावं तसं म्हणाल्या, "ठरलेलं लग्न मोडून मी कॉलेजला गेले. तेव्हापासून आण्णा, माझे वडील, माझ्याशी बोलत नाहीत."

रेखाला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला, कॉम्प्युटर शाखेत. वडील पेढे घेऊन क्लासवर आले, शर्टावर लूमवरचे तंतू तसेच. पायांकडे वाकले तर बेन घाईने मागे सरल्या.

"आमच्या आख्ख्या खानदानात असं कोणी शिकलं नाही," ते म्हणाले. "म्याडम, तुमच्या वडिलांना तर तुमचा लई अभिमान असंल."

"हो," बेन म्हणाल्या. "खूप आहे."

ते निघायला लागले.

"बसा ना काका. चहा घेऊन जा."

चहा झाला. बेननी विचारलं, शिफ्ट कितीची असते? कारखान्याच्या आवाजाने कानाला त्रास होतो का? गावाकडे कोण असतं? रेखा लहानपणी हट्ट करायची का? ते सांगत राहिले, आणि त्या हनुवटीला हात लावून ऐकत राहिल्या.

संध्याकाळची बॅच दारात येऊन थांबली होती. बेननी कधी एक मिनिट उशिरा तास सुरू केला नव्हता. मी मुलींना खूण करून आत नेलं आणि त्या दिवशी प्रोग्रॅमिंग मीच शिकवलं, जमेल तसं.