हत्तीचं नाव वासू

जोयड्याच्या बसस्टँडसमोर महेशचं मोबाइलचं दुकान आहे. मालक बारावी नापास, पण बोलायला लागला की वाटावं, मोबाइल यानंच शोधून काढला. यंदा त्यानं हलत्या चित्रांची स्मार्टवॉच आणली आणि गावाला एकाएकी वेळ बघायची निकड लागली. एरवी यांची वेळ बसच्या भोंग्यावर चालते, तीही बस आली तर.

घड्याळात चित्रं ढीगभर. कुठं मोर नाचतोय, कुठं हत्ती डुलतोय. नावं मात्र इंग्रजीत. त्यामुळं गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "ते परवाचं लाव." परवाचं म्हणजे कुठलं, ते त्यालाही ठाऊक नसायचं. वैतागून महेशनं सगळ्या चित्रांचा तक्ता छापून भिंतीवर लावला आणि खाली मराठी नावं दिली. मयूरनृत्यविलास. गजराजगमन. शाळेत मराठीनं याला रडवलं होतं, त्याचा सूड आता गावावर. ती नावं कुणाच्या जिभेवर बसेनात.

मग साहेबांना अक्कल सुचली. पुस्तकी नावं पाठ होत नसतील, तर ओळखीच्या माणसांचीच द्यावीत. कोंबडा झाला म्हादू, माकड झालं गुणा. सगळ्यांत रुबाबदार हत्तीला होणाऱ्या सासऱ्याचं, वासूमामांचं नाव मिळालं आणि मोराला मामांच्या पोरीचं, पूर्णिमाचं. उळवीची जत्रा झाली की लग्न होतं, तेवढाच मस्का. स्वतःचं नाव मात्र त्यानं एकाही चित्राला दिलं नाही. तेवढी हुशारी त्याच्यात होती.

नावं झकास चालली. बाजाराच्या दिवशी मांडवाचं बोलायला वासूमामा दुकानात आले, तेव्हा गिऱ्हाइकांची झुंबड होती. मामा मागंच उभे राहिले.

"वासू काढ बाबा," परशू मनगट पुढं करून सांगत होता. "लई बॅटरी खातोय. सांजपातूर घड्याळ मरतंय."

"माझाबी काढ," म्हादू म्हणाला. "नुस्ता डुलतोय, दुसरं काय करत न्हाई."

"मग कोण लावू?" मान वर न करता महेशनं विचारलं.

"पूर्णिमा दे की. समद्यांच्या हातावर तीच हाय."

मामांनी गर्दी बाजूला सारली. "महेश, लगीन मोडलं."

महेशच्या तोंडचं पाणी पळालं. "मामा, म्या मानानं नाव दिलंतं."

"माझा मान बॅटरी खातोय व्हय? आनि पोरीला समद्यांच्या हातावर नाचीवतोस? तुझं नाव कुटं हाय रं ह्यात?"

महेशनं पेन घेतलं. मोराखालचं नाव खोडलं, हत्तीखालचंही खोडलं आणि त्या हत्तीखाली लिहिलं, महेश. परशूला तेवढंच हवं होतं. "मग आता महेश काढ," तो म्हणाला, आणि मामा पोट धरून हसले. बाकावर बसून त्यांनी चहा मागवला. दुसऱ्याची फजिती बघायला मिळाली की आमच्याकडं निम्मी भांडणं मिटतात.

"चल, धरल्या तारखंलाच करू लगीन," मामा बशीत चहा ओतत म्हणाले.

तेवढ्यात पूर्णिमा आत आली. बाजारात दोघातिघांनी तिला तिच्या नावाचा मोर दाखवला होता. तिच्या मनगटावर साखरपुड्याला महेशनंच दिलेलं घड्याळ होतं, आणि त्यात हत्ती डुलत होता. तिनं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, मग हात काउंटरवर ठेवला.

"ह्यातला काढून टाक."

"कुठला?" महेशनं लाडात विचारलं.

"महेश."

आमच्या भागात ठरलेल्या नवऱ्याचं नाव पोरगी तोंडातून काढत नाही, बाप समोर असताना तर नाहीच. आणि हिनं ते असं उच्चारलं, जसं दुकानात काडेपेटी मागावी. मामांनी बशी खाली ठेवली.

महेशला अजूनही कळलं नव्हतं. "बरं, मग त्याच्या जागी कोण लावू?"

"कोण नको," पूर्णिमा म्हणाली. "नुस्ता टाइम दिसू दे."