मालतीमावशी गाडी पाहते

जुनी गाडी पाहायची असली की मालतीमावशी विकणाऱ्याला नऊची वेळ देते आणि उजाडता उजाडता त्याच्या दारात जाऊन उभी राहते. बेल वाजवत नाही. आधी गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवते आणि डोळे मिटते, लेकराचा ताप पाहावा तशी. बॉनेट गार लागलं तर बेल. कोमट जरी लागलं तरी "चाल रे, घरी" म्हणून स्कूटरकडे वळते. तिचं म्हणणं असं की पाहुणे यायच्या आधीच जो गाडी सुरू करून ठेवतो, त्याच्या गाडीला सकाळी उठायचा त्रास असतो आणि तो त्याला आपल्यापासून लपवायचा असतो.

एकदा तर एक गृहस्थ तोंडात ब्रश घेऊन आमच्यामागे गेटपर्यंत धावत आले. "अरे दीदी, चाय तो पीके जाइए!"

"चाय गरम चलती है भैया, बोनट गरम नहीं चलता," असं म्हणून मावशी माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसली सुद्धा.

ही माझी सख्खी मावशी नव्हे. चौबे कॉलनीत आमच्या शेजारी राहते आणि सगळ्या कॉलनीची मावशी आहे. आरोग्य खात्यात नर्स होती. सगळी नोकरी बस्तरकडे गेली, तीही जीपमध्ये, लसींचा डबा मांडीवर घेऊन. जीप बंद पडली की ड्रायव्हर खाली आणि मावशी त्याच्या डोक्याशी टॉर्च धरून, असं करत करत तिला माणसांपेक्षा जीपच्या पोटातलं जास्त कळायला लागलं. भाऊसाहेब, म्हणजे तिचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली. निवृत्त झाल्यापासून कॉलनीत कुणीही जुनी गाडी घ्यायला निघालं की मावशीला घेतल्याशिवाय जात नाही.

आता माझं सांगतो. मला पोट्टा होतो तेव्हापासून जीप पाहिजे होती. चारही चाकांना जोर देणारी, चिखलात घातली तरी हूं की चूं न करणारी. नवी घ्यायची ऐपत नाही. बायकोनं शेवटी दसऱ्यापर्यंत मुदत दिली. तोवर जीप आली तर ठीक, नाही तर तेच पैसे स्वयंपाकघराच्या फरशांना. मुदत ऐकून मी थेट मावशीकडे गेलो, आणि तिथंच माझं नशीब फिरलं.

कारण मावशी कोणतीच गाडी पास करत नाही हो!

लुगड्याचा काचा, म्हणजे कासोटा, मारून, पायात कॅनव्हासचे बूट घालून ही बाई चटई टाकते आणि सरळ गाडीखाली शिरते. बाहेर नुसते बूट दिसतात. आतून आवाज येत राहतो, "गंज हाय... हे कालच रंगवलं... अगं माय!" मग बाहेर येऊन फ्रिजवरचं एक लोहचुंबक रुमालात गुंडाळते आणि पत्र्यावरून फिरवते. जिथं चिकटत नाही तिथं खाली पुट्टी, म्हणजे गाडी कधीतरी ठोकलेली. ऑइलचं झाकण उघडून वास घेते. पाणी शिरून आतलं ऑइल दुधाळ दिसलं की "चहा झाला हिचा" म्हणते आणि झाकण लावून टाकते. निळा धूर निघाला की दमा. आणि मालक मध्ये काही सांगायला लागला की त्याला गप्प करते. "तुम्ही थांबा ना जी. गाडी बोलून राहिली, तिले बोलू द्या."

उरला म्हणून कारखान्यांची वस्ती आहे, तिथल्या एका कारखानदाराची जीप मला फार आवडली होती. मावशीनं एअर फिल्टर काढून आपटला, तर अंगणभर काळी भुकटी. "हिच्या फुफ्फुसात अख्खं उरला भरलं हाय. नापास." दुसरी एक चकाचक, सीटवर अजून प्लास्टिक. मावशीनं सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर टोकाला वाळलेला गाळ. "बुडाली होती बिचारी. नापास." तिसरीचा फोर-व्हीलचा दांडा नुसता शोभेला.

माझं डोकं फिरलं. "मावशी, तुले गाडी पाहाची हाय का नवरदेव?"

"नवरदेवाले इतकं कोण पाह्यते रे?" ती शांतपणे म्हणाली.

दसरा आठवड्यावर आला तेव्हा पुरानी बस्तीतल्या टेंभेकर काकांची जीप कळली. हिरवी, जुनी, एका हातची. आम्ही उजाडता पोचलो. बॉनेट गार. मावशीनं बेल वाजवली. काका बाहेर आले, मागून त्यांचा मुलगा आला.

"काहून विकून राहिले?" मावशीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

उत्तर मुलानं दिलं. "आंटी, पापा को अब ठीक से दिखता नहीं. पिछले महीने नाली में उतार दी. किसी दिन किसी को लग जाएगी."

मावशीनं काचा मारला मात्र, आणि काकांचं तोंड सुटलं. मी आजवर इतके विकणारे पाहिले, पण आपल्याच गाडीची बदनामी करणारा पहिल्यांदा पाहिला!

"डिझेल नुसतं पिते हो. पावसात टप गळते. तिसरा गिअर निसटते. फोर-व्हील तं लागतच नाही."

"पापा, झूठ क्यों बोल रहे हो?" मुलगा हैराण.

मावशीनं टपावर बादलीभर पाणी ओतायला लावलं आणि स्वतः आत बसली. थेंब गळला नाही. मला चालवायला लावली. तिसरा गिअर असा घट्ट बसला की निसटायचं नाव नाही. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर विटामातीचा ढिगारा होता, त्यावर फोर-व्हील लावून घातली, तर बकरीसारखी टुणकन वर. मी वरूनच हसत होतो. मनातल्या मनात बायकोला फोनही करून झाला. इतकं चांगलं जनावर मला पुन्हा मिळणार नव्हतं.

परत अंगणात आणली. मावशी चटई टाकून खाली शिरली. आज आतून ना "गंज हाय" आलं, ना "अगं माय". काका आधी उभे होते, मग गुडघ्यावर हात देऊन हळूहळू वाकले आणि तिच्या बुटांशी तोंड नेऊन विचारलं, "काही सापडलं का जी?"

विकणारे हेच विचारतात, पण घाबरून. काकांच्या आवाजात आशा होती. मला ऐकू आली ती, खोटं काहून बोलू? ऐकली आणि गप्प बसलो. मला जीप पाहिजे होती.

मावशी बाहेर आली. हात पुसले. काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग मुलाकडे वळली.

"चेसीसले भेग हाय," ती म्हणाली. "बारीक हाय, पण आरपार. ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही. यांनी बी नाही, कोणीच नाही. अन् विकायची तं मुळीच नाही, घेणाऱ्याचा जीव जाईल."

"वेल्डिंग करा लें?"

"वेल्डिंग नहीं चलता बेटा. आंगन में रखो. पापा रोज सवेरे चालू करेंगे, बस उतना ही. चाबी तुम रखना."

मुलानं सुस्कारा टाकला आणि मान डोलावली. त्याला गाडी रस्त्यावरून हटवायची होती, ती हटली. काका मात्र "हव, हव" करत तीनतीनदा हात जोडत होते. मग आत जाऊन स्वतः चहा घेऊन आले, आणि मावशी तो चक्क दोन कप प्यायली.

बूढा तालाबापर्यंत मी राग कसाबसा आवरला. मग स्कूटर कडेला घेतली आणि भडकलोच. "मावशी, मी बी वाकून पाह्यलं खालून. कुठं हाय भेग? अशी जीप पुन्हा भेटन का मले?"

"नाही भेटणार," ती म्हणाली. "भेग नोती. गाडीबद्दल आजवर खोटं बोलली नोती मी. आज बोलली. राग आला तं येऊ दे."

मग तलावाकडे पाहत राहिली. मला वाटलं झालं बोलून. पण ती म्हणाली, "भाऊसाहेब गेले तवा आमची जीप विकाले काढली. सारे म्हणे, एकटी बाई काय करन जीपचं? मी दारात उभी राहून देवाले म्हणत होती, घेणाऱ्याले कायतरी खोट दिसू दे, एखादी तरी दिसू दे. एक पोट्टा आला. बॉनेट बी उघडलं नाही. टायरले लाथ मारली, म्हणे ठीक है, अन् घेऊन गेला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिचा हात धरला. ऑइलचा वास येत होता हाताला.

"नीट पाह्यलं बी नाही रे त्यानं," मावशी म्हणाली.