भिंतीजवळची खुर्ची

“मला कोण शिकवणार? अख्खं गाव मी शिस्तीला लावलंय!” टेक्सासमधल्या ड्राय विलो गावचे पोलीसप्रमुख वेंडेल क्राउझ गरजले. अख्खं गाव म्हणजे एक पेट्रोल पंप, दोन चर्च आणि साहेबांच्या हाताखाली तीन माणसं!

“तोंड आवर आणि गाडीत बस,” बायको डार्लीन म्हणाली. “मागच्या खेपेला वर्ग बुडवलास. या वेळी प्रमाणपत्र नाही आणलंस तर तुझा बिल्ला लोरेनाला मिळणार. महापौरबाईंनी बजावलंय!”

लोरेना त्या तिघांतलीच एक. साहेबांनी गाडी काढली.

राज्यभरच्या पोलीसप्रमुखांचा वर्ग एका हॉटेलात भरला होता. धडा होता, भांडण गोडीगुलाबीने कसं मिटवावं.

आता पोलीस म्हटला की पाठ भिंतीला आणि डोळे दाराकडे! जेवायला बसला तरी तसाच. त्यामुळे मागची रांग गच्च आणि पुढच्या सगळ्या ओस. भिंतीजवळच्या एका खुर्चीवर मात्र नुसतीच हॅट होती. साहेबांनी ती उचलून बाजूला ठेवली आणि ऐसपैस बसले.

“ए, ती जागा माझी आहे!” कॉफी घेऊन परतलेले त्रेविन्यो नावाचे प्रमुख ओरडले.

“हॅट ठेवून जागा अडवायला ही काय तुझ्या सासऱ्याची खानावळ आहे?”

“ऊठ! हा हुकूम आहे!”

“हुकूम? अरे, मीसुद्धा प्रमुखच आहे!”

खोलीत सगळेच प्रमुख. हुकूम सोडणारे ढीगभर, पाळणारा एकही नाही! कोणी मध्यस्थीला उठला की त्याची खुर्ची तिसराच पळवी. शिकवणाऱ्या ओपलबाई “गोडीगुलाबीने, गोडीगुलाबीने!” म्हणत टेबलावर चढल्या. ओढाताणीत खुर्च्या कोलमडल्या आणि प्रमुखांवर प्रमुख पडले. शेवटी घाबरलेल्या हॉटेलवाल्याने पोलिसांना बोलावलं!

एक तरुण महिला शिपाई धावत आली. तो ढिगारा बघून तिने आपल्या साहेबांना फोन लावला. घंटी ढिगाऱ्याच्या तळाशी वाजली.

“साहेब, हॉटेलात दंगल झालीय. काय करू?”

“आधी,” खालून आवाज आला, “या ड्राय विलोवाल्याला माझ्या पाठीवरून उठव!”

ओपलबाईंनी प्रमाणपत्रांचा गठ्ठा जसाच्या तसा परत नेला.

सोमवारी वेंडेलसाहेबांनी बिल्ला काढून लोरेनाच्या हातात ठेवला.

“त्या वर्गाला आता तुला जावं लागेल, पोरी. मी तिथे जे शिकलो, ते नीट ऐकून ठेव.”

“सांगा, साहेब.” लोरेना सावरून उभी राहिली.

“कॉफी घरूनच पिऊन जा!”