साळवे भाऊसाहेबांची एक प्रलंबित नोंद

बदली होऊन धाराशिवला आलो, त्याच्या पहिल्याच रविवारी मी शेजाऱ्यांना ‘फादर’ म्हणालो.

चूक माझी एकट्याची होती असं मला अजूनही वाटत नाही. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, काखेत काळं जाड पुस्तक आणि चेहऱ्यावर शाळा तपासायला आल्यासारखा भाव. अशा माणसाला भूगोलाच्या मास्तरानं दुसरं काय म्हणायचं? मी फाटकाशी उभा राहून हात जोडले आणि जमेल तेवढ्या नम्रपणे म्हणालो, “नमस्कार, फादर.”

ते थांबले. एका काखेतलं पुस्तक दुसऱ्या काखेत गेलं.

“फादर म्हंजे काय?”

“म्हणजे... बाप.”

“कुणाचा?”

मागं दारात उभी असलेली वैशाली, म्हणजे आमची सौभाग्यवती, तोंडावर हात धरून आत पळाली.

“हे बघा,” ते म्हणाले, “बाप एकच. आन् तो हितं राहत न्हाय. मी साळवे. भूमी अभिलेख हापिसातून रिटायर. आमच्या चर्चात फादर नसतो, पाळक असतो. आन् मी तोबी न्हाय. आता बोला.”

बोलण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. त्यांच्याजवळ होतं. मी उन्हात फाटक धरून तासभर उभा होतो.

याकोब साळवे हे त्यांचं नाव, पण जमिनीच्या कागदांशी ज्याचा संबंध आला त्याला आमच्याकडं सगळे भाऊसाहेबच म्हणतात. कुठली जमीन कुणाच्या नावावर, ते नाव कसं लागलं, कुणी लावलं, त्यावर कुणाची हरकत होती, हे बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात, नाहीतर गुडघ्यांना तेल लावतात. भाऊसाहेबांनी येशूची नावं तपासायला घेतली.

शास्त्रात येशूला पुष्कळ नावं आहेत, हे मला त्या उन्हातल्या तासात कळलं. देवाचा पुत्र, मनुष्याचा पुत्र, प्रभू, राजा, दास, मेंढपाळ, कोकरू. भाऊसाहेबांच्या मते प्रत्येक नाव हा एकेक दावा होता. ते कुणी दिलं? कुणाला उद्देशून दिलं? आणि त्या नावानं तो देव ठरतो, का माणूस, का दोन्ही? यासाठी त्यांनी हापिसात असतं तसं लांबरुंद रजिस्टर केलं होतं. त्यात रकाने आखलेले: अनुक्रमांक, नाव, कुणी घेतलं, कुठं घेतलं, आणि शेवटी शेरा. ते रजिस्टर स्वतःकडं तोंड करून धरायचे आणि मला वाचून दाखवायचे.

“एकाच उताऱ्यावर मेंढरू आन् मेंढपाळ!” ते म्हणायचे. “असा उतारा माझ्या टेबलावर आला असता तर परत पाठवला असता.”

एकदा मी सुटका करून घेण्यासाठी म्हणालो, “भाऊसाहेब, आमच्या विष्णूला तर हजार नावं आहेत. आम्ही कधी चौकशी केली नाही.”

“हजार?” त्यांनी आपल्या रजिस्टरची जाडी चाचपली. “मग रजिस्टरं किती लागली असतील!” आणि त्यांनी माझ्याकडं, आयुष्यभर काम टाळलेल्या कर्मचाऱ्याकडं बघावं तसं बघितलं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. जुन्या करारात देव स्वतःला पहिला आणि शेवटला म्हणवून घेतो. शास्त्राच्या अगदी शेवटच्या पुस्तकात तेच नाव येशू घेतो. आता एकच नाव दोघांनी घेतलं, तर खातेदार एक का दोन? “आपल्या गावाचंच घ्या की,” ते सांगायचे. “कालपर्यंत पाटीवर उस्मानाबाद, आज धाराशिव. म्हणून गावं दोन झाली का? गट नंबर तोच, विहीर तीच, एसटी स्टँडावरची गर्दीबी तीच.” मी मान हलवायचो. तेवढ्यात ते उलटे फिरायचे. “पण सर, येरमाळ्याला एका गटात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ निघाले होते. तिथं नाव एक, माणसं दोन. मग?” मग काय, हे मला कधीच माहीत नसायचं. मी काही म्हणालोच तर त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: “नोंद दाखवा.”

माझ्याआधी हा मान चर्चमधल्या पाळकांचा होता. पाळक तरुण, धर्मशास्त्र शिकून आलेले, स्वभावानं गरीब. एका रविवारी ते उपदेशात म्हणाले की येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे. मागच्या बाकावरून भाऊसाहेब उठले आणि हात वर करून म्हणाले, “हरकत!” त्यांना ते वाक्य नाकारायचं नव्हतं. फेरफाराची नोंद कायम करण्याआधी हरकती मागवतात, तेवढंच त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी हरकत लेखी नेली, दोन प्रतींत, आणि पाळकांकडं पोच मागितली. पाळकांनी बिचाऱ्यांनी सही करून पोच दिलीसुद्धा. पण मंडळीतल्या मोठ्या माणसांनी भाऊसाहेबांना हात जोडून सांगितलं की प्रश्न उपासना झाल्यावर विचारावेत. उपासना झाल्यावर सगळ्यांच्या घरी मटण शिजत असतं. प्रश्नाला कोण थांबतो?

आम्ही शेजारी राहायला आलो, तेव्हापासून दर रविवारी चर्चमधून परतताना ते आमच्या फाटकाशी थांबू लागले. आठवडाभर साठलेलं सगळं माझ्या वाट्याला.

आता माझा पुढचा पराक्रम सांगतो. एका रविवारी फाटकाची कडी वाजली, तशी मी वैशालीला खूण केली आणि आतल्या खोलीत गेलो. ती दारात जाऊन म्हणाली, “ते घरी नाहीत, भाऊसाहेब.” तिला खोटं बोलता येत नाही, आणि मला खोटं नीट रचता येत नाही. माझ्या चपला दारातच होत्या.

भाऊसाहेबांनी त्या बघितल्या. “सर अनवाणी गेले जणू,” ते म्हणाले. “बरं. आले की सांगा, घाई न्हाय.”

लाज वाटायला हवी होती. मला अक्कल सुचली. पुढच्या रविवारपासून मी चपला आत नेऊन ठेवू लागलो. खिडकीच्या पडद्याआडून बघायचो. भाऊसाहेब फाटकाशी यायचे, दाराकडं नजर टाकायचे, चपला दिसायच्या नाहीत. मग कडी न वाजवता रजिस्टर काखेत सारून पुढं जायचे. असे तीन रविवार गेले. वैशाली काही बोलली नाही. आमच्या घरात हे लक्षण चांगलं नसतं.

चौथ्या रविवारी तिनं माझ्या हातात स्टीलचा डबा दिला. नाताळात भाऊसाहेबांनी त्यात करंज्या भरून पाठवल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या हातच्या, हद्दीच्या दगडासारख्या पक्क्या. एक फोडताना माझी दाढ हलली होती. डबा तेव्हापासून आमच्याकडंच होता, आणि रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून वैशालीनं त्यात शेंगापोळ्या भरल्या होत्या.

“तुम्हीच जाऊन द्या,” ती म्हणाली.

“तूच जा ना. मी गेलो तर दुपार होईल.”

“होऊ दे,” ती म्हणाली, आणि आतल्या चपला आणून माझ्या पायांपुढं ठेवल्या.

भाऊसाहेबांचं दार उघडंच होतं. घरात मी पहिल्यांदाच जात होतो. टेबल, त्यावर रजिस्टर, आणि समोरासमोर दोन खुर्च्या. एकीत भाऊसाहेब. दुसरीवर विणलेली गादी, जरा दबलेली, आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलेला चष्मा. भाऊसाहेब त्या खुर्चीला काहीतरी वाचून दाखवत होते. मला बघून थांबले, पण दचकले नाहीत.

“आलात? बसा. तिथं न्हाय, हितं,” म्हणून त्यांनी मला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण पलंगावर बसले.

त्यांच्या बायकोला, मार्थाबाईंना, मी बघितलेलं नाही. आम्ही यायच्या आदल्या वर्षी त्या गेल्या होत्या, एवढंच ठाऊक होतं. रजिस्टर आता पहिल्यांदाच माझ्याकडं तोंड करून होतं. मी डबा ठेवला आणि उगाच पानं चाळली. पहिली चाळीसेक पानं बाईमाणसाच्या अक्षरात होती, गोल, ठसठशीत. भाऊसाहेब सांगायचे आणि मार्थाबाई लिहायच्या, असं दिसत होतं. पण शेऱ्याचा रकाना त्यांनी स्वतःच्या ताब्यात घेतला होता. ‘राजा’ या नावापुढं शेरा: ‘मंजूर.’ ‘दास’पुढं: ‘हेही मंजूर. भांडू नये.’ ‘मेंढपाळ’पुढं: ‘पुरे आता, भात लागतोय.’

मी हसलो. भाऊसाहेबही हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

नंतरची पानं भाऊसाहेबांच्या हातची होती. तिरकं, हापिसातलं अक्षर. सगळ्या नोंदींपुढं शेरे होते. शेवटच्या एका नोंदीपुढं मात्र नुसतं ‘प्रलंबित’, आणि त्याखाली पेन्सिलीनं पुन्हा पुन्हा गिरवलेली रेघ.

“ही एकच राहिली का?” मी विचारलं. खरं तर निघायच्या आधी काहीतरी बोलावं म्हणूनच विचारलं.

“वधस्तंभावरची हाय ती,” ते म्हणाले. “जाताना त्यानं हाक मारली. देवा, मला का सोडलंस म्हणून. तोच देव असंल, तर हाक कुणाला मारली?”

“पाळक काय म्हणतात?”

“पाळक चांगलं बोलतात. सगळे चांगलंच बोलतात.” त्यांनी गादीच्या खुर्चीकडं बघितलं. “मार्थाला सोलापूरला दवाखान्यात नेलं होतं. तिसऱ्या दिवशी जरा हुशारी वाटली तिला. म्हणली, जा, चा पिऊन या. खाली फाटकापाशी एकजण पत्रकं वाटीत होता. पत्रकात लिवलं होतं, येशू देवाचा पुत्र हाय, पण देव न्हाय. आता असं लिवल्यावर मी गप बसतो व्हय?”

“नाही,” मी म्हणालो.

“नोंद दाखव म्हणलं. त्यानं दाखवली. मी दुसरी दाखवली. पाऊण तास चाललं. मी जिंकलो, सर. त्यानं पत्रकं पिशवीत घातली आन् गेला. वर गेलो, तर खाटेभोवती पडदा लावलेला. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणली, मामा, कुठं होतात? लई हाका मारल्या त्यांनी तुम्हाला.”

बाहेर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. मी शेंगापोळ्यांच्या डब्याचं झाकण घट्ट नसताना घट्ट केलं.

“हाक मारणाऱ्याचं सगळं लिवून ठेवलंय,” भाऊसाहेब म्हणाले. “कवा मारली, कोणत्या भाषेत मारली. ज्याला मारली तो कुठं गेला होता, ते कुणी लिवलं न्हाय. बाप आन् पुत्र दोन असतील, तर हाक मारली आन् बाप आला न्हाय. एकच असतील, तर मग तो तिथंच होता. हाक मारताना आतच होता. मग तिच्याजवळबी...”

त्यांनी हात लांबवून खुर्चीच्या पाठीला अडकवलेला चष्मा सरळ केला.

“तुम्ही बाहेरचे माणूस,” मग ते म्हणाले. “तुम्हाला काय वाटतंय? एक का दोन?”

या प्रश्नाला मी फाटकाशी उभा राहून पन्नास वेळा ‘असेल काहीतरी’ म्हणालो होतो. त्या दिवशी ते तोंडातून निघेना.

“एकच,” मी म्हणालो.

“नोंद दाखवा.”

झालं. भूगोलाच्या मास्तराकडं कसली नोंद? मी आपली रजिस्टरची पानं मागं मागं उलटत गेलो, हात कशात तरी गुंतवावेत म्हणून. मार्थाबाईंच्या अक्षरात एका ठिकाणी नाव होतं: ‘इम्मानुएल’. पुढं अर्थ लिहिलेला: ‘आमच्याबरोबर देव’. आणि शेऱ्याच्या रकान्यात मंजूर नाही, कायम नाही. नुसतं: ‘हाय की.’

मी तिथं बोट ठेवलं आणि रजिस्टर त्यांच्याकडं फिरवलं.

भाऊसाहेबांनी खिशातला चष्मा काढला, लावला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हा शेरा नियमात बसत न्हाय.”

“नाही बसत,” मी म्हणालो.

“वर सहीबी न्हाय.”

“नाही.”

टेबलावर त्यांचा लाल पेन पडलेला होता. नियमात न बसणारं ते लाल पेनानं खोडतात, हे मला ठाऊक होतं. त्यांनी पेन उचलला, टोपण लावलं आणि खिशात ठेवला. प्रलंबित नोंदीला त्यांनी हात लावला नाही. रजिस्टर मिटलं, डबा उघडला, एक शेंगापोळी मोडून अर्धी मला दिली. आम्ही दोघं खात बसलो. मार्थाबाईंची खुर्ची तशीच रिकामी होती.

घरी आलो तेव्हा दुपार झालेली होती. वैशालीनं उशीर का झाला ते विचारलं नाही. मीच सगळं सांगितलं. पत्रकवाला, पडदा, हाका आणि तो शेरा. बोलता बोलता सवयीनं मी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या होत्या आणि आतल्या खोलीकडं निघालो होतो.

तिनं त्या माझ्या हातातून घेतल्या, दाराबाहेर पायरीवर ठेवल्या, फाटकातून दिसतात का ते दोन पावलं मागं सरून बघितलं, आणि म्हणाली, “रविवारच्या ह्या इथंच असू द्या. तुम्ही घरात असा नाहीतर नसा.”