दुमडीतला धागा

बेगमपुऱ्यातले आमचे शेजारी हमीदभाई रफूवाले माणसाच्या तोंडाकडं बघत नाहीत, कपड्याकडं बघतात. माझा नवरा गेला तेव्हा भेटायला आले आणि पहिलं काय बोलले, तर "आक्का, पदराला भोक पडलंय."

त्यांचा एकच कायदा. रफूचा धागा त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून काढायचा. "पराया धागा उन्हात उघडा पडतो."

त्यांच्या नातीला, झोयाला, थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतात. डॉक्टरबाईंनी नव्या इलाजाचं सांगितल्यापासून म्हातारा चळला. झोयाचा जुना फ्रॉक घेऊन ओट्यावर बसतो. दूधवाला येवो, वीजबिलवाला येवो, फ्रॉकला कात्री लावून शिकवणी सुरू.

"तिच्याच हाडातल्या पेशी काढायच्या. पराया काही नाही! पेशीत लांब, दुपेडी धागा. बाळ पोटात असताना त्याचं रक्त वेगळं असतं, चांगलं. जन्मल्यावर एक खटका ते बंद करतो. पेशीत एक वाटाड्या सोडायचा. तो त्या खटक्याची जागा हुडकतो, सोबतची कात्री कापते. टोकं पेशी आपणच सांधते, पण वेडीवाकडी. खटका बिघडला, बाळपणीचं रक्त पुन्हा चालू! मग पेशी परत अंगात."

"म्हणजे वाईट रफूनं पोरगी बरी व्हणार?" मी विचारलं. म्हातारा फ्रॉक गुंडाळून आत गेला.

हा इलाज आपल्याकडं कधी येणार, ते डॉक्टरबाईंनाही सांगता येत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात हमीदभाई झोयाला स्वतःच्या हाडातला मगज द्यायला दवाखान्यात गेले. तपासणी झाली. जुळला नाही.

परत येऊन ओट्यावर बसले. सवयीनं फ्रॉक कापला, दुमड उसवली. धागा शिल्लकच नव्हता. रोजच्या शिकवणीत सगळा संपला होता. मी घरातून दोऱ्याचं रीळ आणलं.

"नको." आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं बघितलं. "आक्का, मेरे खून में बी वहीच खराबी निकली. थोडी. कधी त्रास झाला नाही, म्हणून कळली नाही. पोराला माझ्याकडून गेली. बहूच्या घरूनही तीच आली. दोन्हीकडून मिळून झोयाला."

"तुमचा काय दोष" म्हणायला मला जमत नाही. मी पदर पुढं केला. भोक अजून तसंच होतं.

"हे तरी रफू करा. माझ्या लुगड्यात धागा हाय."

त्यांनी काठाच्या आतून धागा ओढला. सुई ओवताना तीनदा चुकले. मी दुसरीकडं बघत बसले.